अडतीसचा रिपोर्ट

वेंगुर्ल्यात काजूचे कारखाने पुष्कळ आणि त्यांत काम करणाऱ्या बायाही पुष्कळ, पण डोळे मिटून काजूगराचा आकार सांगणारी बाई मी एकच पाहिली. ती सुभद्रा, मठ गावची. माझं औषधाचं दुकान तिच्या कारखान्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे सकाळी एसटीतून उतरलेल्या बाया आधी माझ्या दुकानावरून जातात आणि मग कामाला लागतात. एका गणपतीला पुण्याच्या पाहुण्यांसाठी काजू घ्यायला मी कारखान्यात गेलो होतो. तेव्हा मी गंमत म्हणून टेबलावरचे मोठे-लहान दहा-बारा गर एकत्र केले आणि तिच्यासमोर ठेवले. तिनं मान वळवून शेजारणीशी गप्पा चालू ठेवल्या आणि बोलता बोलता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक गर धरून बाजूला टाकत गेली. हा दोनशेचाळीस, हा तीनशेवीस, हा एकशेऐंशी. आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे गर, म्हणून आकडा जितका लहान, गर तितका मोठा. एकही चुकला नाही. वर मलाच म्हणाली, भाई, तुमी गोळये नीट मोजतात मां?

मी भाई. मोजतो गोळ्या नीट. तेवढं एक काम मी नीट केलं असं म्हणता येईल.

त्या टेबलापर्यंत पोचायला सुभद्राला बारा वर्षं लागली होती. आधीची बारा वर्षं ती कटरवर होती. कटर म्हणजे पायानं दाबायचं यंत्र. बी पात्यांमध्ये धरायची, पाय मारायचा, टरफल फुटतं आणि त्यातून काळं चिकट तेल उडतं. ते तेल कातडी जाळतं. बाया आधी हातांना खोबरेल चोपडतात, वर राख लावतात, तरी संध्याकाळी हात काळे ते काळेच. नखं तर कायमची. लग्नकार्यात या बाया हात पदराखाली घेऊन बसतात, ते मी पाहिलेलं आहे. म्हणून ग्रेडिंगच्या टेबलावर बसायला मिळणं ही साधी बढती नव्हती. तिथं खिडकी होती, पंखा होता, डोक्याला पांढरी टोपी होती आणि हात स्वच्छ राहत होते. ती जागा मिळाली त्या आठवड्यात सुभद्रा माझ्याकडे नखं कापायचं यंत्र घ्यायला आली आणि त्यातलं चांगलं कुठलं यावर तिनं माझा अर्धा तास खाल्ला.

पहिला चट्टा मात्र कटरच्या दिवसांतच उठला होता. उजव्या कोपराच्या मागं, लालसर, वर रुपेरी पापुद्रे. कारखान्यातल्या बायांनी पाहिलं न पाहिलं आणि सांगून टाकलं, तेल उतलं, म्हणजे काजूच्या तेलानं कातडी भाजली. आमच्याकडे काजूच्या कारखान्यातल्या बाईच्या कातडीला काहीही झालं तरी ते तेलच असतं. मीही फारशी विचारपूस न करता मागच्या फळीवरची एक ट्यूब काढून दिली. चट्टा आठ दिवसांत गेला आणि महिन्याभरात दुप्पट होऊन परत आला. मी दुसरी ट्यूब दिली. असं किती वर्षं चाललं ते आता मोजायची मला इच्छा नाही.

तेल बोटांना लागतं, बेचक्यांत जातं, फार तर मनगटापर्यंत येतं. कोपराच्या मागच्या अंगाला ते कसं पोचलं? गुडघ्यावर, केसांच्या मुळांशी कसं गेलं? बत्तीस वर्षं औषधं विकणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला हरकत नव्हती. तिच्या नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, तेही मी पाहिले आणि म्हटलं, कटरची नखं अशीच व्हायची. पुढं ती ग्रेडिंगला गेली, तेलाचा संबंध संपला, तरी चट्टे होतेच. त्यावरही आमच्याकडे उत्तर तयार होतं. जुनं तेल अंगात मुरलेलं आहे, ते हळूहळू बाहेर पडतंय. असं कारखान्यातल्या म्हाताऱ्या बाया म्हणत आणि मी काउंटरमागून मान डोलवत असे.

मग बोट सुजलं. उजव्या हाताची तर्जनी, नुसता सांधा नाही, सगळंच्या सगळं बोट, वेलची केळ्यासारखं. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. टाच जमिनीवर टेकवताना ती दात आवळून धरायची. टेबलावरच्या पोरींना आता तिच्या बाहीवर पडलेले पापुद्रे दिसू लागले होते आणि काजू परदेशी जाणारा. दत्तप्रसाद म्हणून तिथला मॅनेजर आहे. माणूस वाईट नाही, पण घाबरट. त्यानं तिला हातमोजे घालायला सांगितले. हातमोजे घातले की तिला गर कळेना. ती मला म्हणाली होती की डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं होतं. त्या टेबलावर बोटांशिवाय दुसरं भांडवल नसतं आणि तिची बोटंच आता तिचं ऐकत नव्हती.

तिची मुलगी जान्हवी कुडाळला नर्सिंग शिकते. तिनं आईचा हात एका सुट्टीत नीट पाहिला आणि माझ्या ट्यूबा, राख, खोबरेल, सगळ्यांवर फुली मारून तिला कुडाळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नखं पाहिली, केस बाजूला करून डोकं पाहिलं, बोट दाबलं आणि दहा मिनिटांत सांगितलं. हा सोरायसिस आहे. तेलाचा यात काही संबंध नाही, हा संसर्गानं पसरत नाही आणि आता तो सांध्यांत शिरलेला आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी लिहून दिली, ती सांधे वाचवण्यासाठी. तिच्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं होतं. तपासण्यांत ड जीवनसत्त्वही होतं. ते निघालं नऊ. तीसच्या वर हवं.

डॉक्टरीणबाईंनी त्यावर काय सांगितलं ते जान्हवीनं मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं. अशा रुग्णांत ड पुष्कळदा कमी सापडतं. ते कमी म्हणून आजार, की आजारामुळे आणि घराबाहेर न पडल्यामुळे ते कमी, याचा छडा अजून पुरता लागलेला नाही. हाडांसाठी ते भरून काढायचं, म्हणून आठवड्याला एक पुडी. पण ही पुडी म्हणजे या आजाराचं औषध नव्हे. आजाराचं औषध ती गोळी. दोन्ही आठवड्यातून एकदाच, गोळी शनिवारी, पुडी रविवारी, आणि दोन्ही चालू ठेवायची.

एवढं स्वच्छ सांगूनही सुभद्रा घरी आली ती नऊ हा आकडा घेऊन. सोरायसिस हा शब्द तिनं कुडाळच्या स्टँडवरच टाकून दिला असावा. मला त्याचं नवल वाटत नाही. त्या शब्दाबरोबर शेजारणी लांब बसू लागतात, पाण्याचा तांब्या वेगळा होतो, मुलीच्या स्थळाची चौकशी करणारे आईच्या हातांकडे बघतात. पण काहीतरी कमी आहे म्हटलं की लोक मायेनं बोलतात. कमी असणं हा काही कोणाचा दोष नाही. तिनं टेबलावर सगळ्यांना सांगितलं की माझ्या अंगात उन्हाचं जीवनसत्त्व कमी आहे. वीस वर्षं पत्र्याखाली बसून काम करणाऱ्या बायांना हे एका फटक्यात पटलं. आमच्याकडे उन्हाला वत म्हणतात. त्या आठवड्यात सहा-सात बाया माझ्या दुकानात येऊन विचारून गेल्या, भाई, वत कमी आसा तां तपासतत खंय? चौघींनी खरंच तपासून घेतलं आणि तिघींचं कमी निघालं. नऊच्याही खाली एकीचं होतं. तिला ना चट्टा ना सूज. हे बघून तरी आमच्या डोक्यात काही उजाडायला हवं होतं.

शनिवारची गोळी सुभद्राला सोसवेना. रविवारभर मळमळ, सोमवारी तोंडाला चव नाही. उलट पुडी दुधात घालून प्यायली की झालं. आता माणूस कशावर विश्वास ठेवील? आणि मग तिनं जे केलं ते काजूच्या कारखान्यातली बाईच करू जाणे. फेब्रुवारी संपताना तिनं दत्तप्रसादला सांगितलं की मला खळ्यावर पाठवा.

खळं म्हणजे कारखान्यामागचं मोकळं मैदान. हंगामात गावोगावची ओली बी येते, ती तिथं पसरून वाळवायची, फावड्यानं खाली-वर करायची, संध्याकाळी गोळा करायची. डोक्यावर झाड नाही की छप्पर नाही. नव्यानं लागलेल्या बायांना तिथं लावतात आणि त्या पहिल्या दिवसापासून आत घ्या म्हणून मागं लागतात. वीस वर्षांच्या नोकरीची बाई, खिडकीजवळची जागा सोडून, आपण होऊन खळ्यावर निघाली. दत्तप्रसादला तर सुटल्यासारखं झालं. तिच्या जागी स्वप्ना नावाची पोर बसवली, सुभद्रानंच तयार केलेली. जाताना ती स्वप्नाला म्हणाली म्हणे, पावसाक परत येतंय, खुर्ची गरम ठेव.

मार्च, एप्रिल, मे. दुपारी बारा ते तीन आम्ही वेंगुर्लेकर कुत्र्यालाही बाहेर सोडत नाही, तेव्हा सुभद्रा बाह्या वर खोचून बी पसरत होती. लोक फडकी गुंडाळत, ही उघडी. रापून काळी झाली. आणि चट्टे जाऊ लागले. आधी हातावरचे, मग गुडघ्यावरचे. ऊन कातडीवर चालतं, हे मला आता माहीत आहे. काही दवाखान्यांत त्यातलेच किरण मोजून-मापून देतातही. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या इतक्या वर्षांच्या ट्यूबांनी जे केलं नाही ते तीन महिन्यांच्या उन्हानं केलं. मनातून मला थोडं लागलंसुद्धा. बाया खळ्याच्या कडेला येऊन तिचे कोपर बघून जात. नवरा काशीराम, जो एरवी बायकोच्या दुखण्याबद्दल हूं की चूं करत नसे, तो माझ्याकडे विड्या घ्यायला म्हणून आला. मी विड्या विकत नाही हे त्याला माहीत आहे. त्याला सांगायचं होतं की ती बरी झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती रिपोर्ट घेऊन आली. आमच्याकडे डॉक्टरला दाखवायच्या आधी रिपोर्ट औषधवाल्याला दाखवतात. मी डॉक्टर नाही असं मी दिवसातून चाळीसदा सांगतो आणि चाळीसदा वाचूनही दाखवतो. दुकानात गर्दी होती. बाहेर ढग भरले होते, ज्याला त्याला घाई होती. तिनं कागद डाव्या हातानं पुढं केला. उजवा पदरात होता. फक्त एकच तपासणी करून घेतली होती, ड जीवनसत्त्वाची. अडतीस.

मी मोठ्यानं वाचलं. गर्दीतल्या दोघी-तिघींनी आनंदानं माना डोलावल्या. सुभद्राचा चेहरा मी तसा उजळलेला पूर्वी कधी पाहिला नव्हता. टेबलावर जागा मिळाली त्या आठवड्यातही नाही.

"भरला मां भाई सगळा?" तिनं विचारलं.

आता मला काय काय माहीत होतं ते सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलोय. शनिवारच्या गोळ्या तिच्या वाटेवर फक्त माझ्याकडे मिळतात आणि एप्रिलपासून तिनं एकही पाकीट नेलेलं नव्हतं. दर काही आठवड्यांनी जे रक्त तपासायचं तेही झालेलं नव्हतं. आणि उजवा हात पदरात होता. तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांची बेरीज करायला डॉक्टर असावं लागत नाही. मी म्हणालो, आकडो बरो आसा. आणि कागदाची घडी करून तिच्या हातात दिली.

खोटं बोललो नाही. आकडा बराच होता. माणूस स्वतःची समजूत अशीच घालतो.

पाऊस लागला, खळं बंद झालं आणि सुभद्रा आत परतली. दत्तप्रसादनं तिला जागा दिली, कारण कोपर स्वच्छ दिसत होते. पुढचं मला स्वप्नानं सांगितलं. पहिल्या दिवशी सुभद्रानं गर उचलला आणि तो चिमटीतून निसटला. दुसरा उचलला, तोही. तर्जनी आणि मधलं बोट शेवटच्या सांध्याशी वाकून बसली होती, अंगठ्याला भेटतच नव्हती. तिनं तळव्यानं गर ओढून घ्यायला सुरुवात केली. डोळ्यांनी तिला आकार कळत होता, पण हात पोचेपर्यंत टेबलावरचा सरकता पट्टा गर पुढं नेत होता. अख्ख्या गरांचे तुकडे होऊ लागले. दुसऱ्या दिवशी स्वप्ना गुपचूप आपल्या ढिगातले गर तिच्या ढिगात सारत होती. सुभद्राला ते कळलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ती टेबलावर आलीच नाही. टोपी मात्र घडी करून स्वप्नाच्या डब्यावर ठेवलेली होती.

कुडाळला जान्हवीनं पुन्हा नेलं. या खेपेला एक्स-रे काढले. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडावर धरून दाखवले. दोन बोटांच्या शेवटच्या सांध्यांत हाड कुरतडलं गेलं होतं. कातडी बरी होत होती, रक्तातला आकडा चढत होता आणि त्याच तीन महिन्यांत आत हे चाललं होतं. त्यांनी सांगितलं की गोळी परत सुरू केली तर बाकीची बोटं वाचवता येतील, टाचही सुधारेल, पण ही दोन बोटं सरळ होणार नाहीत. मग त्यांनी विचारलं की गोळी बंद करायला कोणी सांगितलं. सुभद्रा म्हणाली, कोणी नाही, माझी मीच. जान्हवी मला हे सांगताना माझ्याकडे रोखून पाहत होती. मी काउंटरवरच्या काचेवरचा डाग पुसत राहिलो.

सुभद्रा आठवड्यानं आली. भर पावसाची दुपार होती, दुकानात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिनं चिठ्ठी पुढं केली, या वेळी उजव्या हातानं. बोटांत धरता येत नव्हती म्हणून बोटांच्या मधोमध अडकवलेली. मी पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं, पण हात त्यावरून उचलला नाही. मी तिला सांगितलं, त्या दिवशी तू रिपोर्ट घेऊन आलीस तेव्हा तू गोळ्या सोडल्या आहेस हे मला ठाऊक होतं.

तिनं पाकिटावरून नजर माझ्याकडे वळवली.

"तुमका म्हायत होता?"

"म्हायत होता."

"मगे तेवा सांगलात कित्या नाय?"

उत्तर सुचलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. उत्तर होतं. दुकानात गर्दी होती, तिचा चेहरा उजळलेला होता, लोक खूश होते आणि त्यात मिठाचा खडा टाकणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. त्यातून इतकी वर्षं मीच तिला ट्यूबा देत आलो होतो. आता मीच उठून तुझं चुकतंय म्हणायचं तर आधी माझं चुकलं म्हणावं लागलं असतं. हे सगळं मी तिला सांगितलं, एवढ्या नीट नाही, अडखळत, पण सांगितलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी वायट सांगला असतात तरी माका चलला असता," ती म्हणाली. "हात माजे होते, भाई."

तिनं गोळ्यांचं पाकीट ओढून घेतलं आणि पावसात निघायच्या आधी पहिली गोळी इथंच घ्यावी म्हणून, शनिवारच होता तो, वरची चांदी अंगठ्यानं दाबू लागली. तर्जनी खाली टेकवता येत नव्हती. पाकीट दोनदा निसटून काउंटरवर पडलं. मी हात पुढं केला. ती थांबली. मला वाटलं, देणार नाही. मग तिनं ते माझ्याकडे सरकवलं.

मी एक गोळी दाबून काढून तिच्या तळव्यावर ठेवली आणि पाण्याचा पेला दिला. उरलेल्या तीन शनिवारांच्या तीन गोळ्याही काढल्या, एका रिकाम्या डबीत घातल्या, वर शनिवार असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं. झाकण फिरवताना सवयीनं घट्ट केलं आणि मग पुन्हा सैल केलं. घट्ट ठेवलं असतं तर तिला ते उघडता आलं नसतं.